एका आवर्तनात एक मैल

पाहुणा कलाकार माझ्यापर्यंत पोहोचतो तो आधी कागदावर. कराचा डब्ल्यू-नाइन फॉर्म, मानधनाचं पत्र, हॉटेल दोन रात्री की तीन, विमानाचं तिकीट त्यांनी काढलं की आपण, जेवणाचा भत्ता कुठल्या खात्यातून. डेंटनला युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ टेक्सासमध्ये मी हिशेबाच्या बाजूला काम करते. इथल्या संगीत महाविद्यालयात वर्षभर बाहेरचे वादक येत असतात. दोन-तीन दिवस राहतात, पोरांना शिकवतात, पोरांबरोबर वाजवतात आणि जातात. ते गेल्यावर त्यांचा चेक वेळेत निघाला की माझ्यापुरता कार्यक्रम यशस्वी.

फेब्रुवारीत मात्र जरा वेगळं झालं. विमानतळावर जाणारा विद्यार्थी तापानं पडला, ऐनवेळी दुसरं कुणी मिळेना आणि फाईल माझ्याच टेबलावर होती. तुम्ही जाल का, अशी विचारणा झाली. मी गेले. पाहुणे जाझचे ड्रमर, सत्तरी कधीच ओलांडलेले, फिलाडेल्फियाचे. नाव लिहीत नाही. बंद खोलीतल्या तासाबद्दल चव्हाट्यावर लिहायचं आणि वर नावही टाकायचं, हे मला बरं वाटत नाही. मनातल्या मनात मी पहिल्या अर्ध्या तासातच त्यांना 'बुवा' म्हणायला लागले होते, तेच इथेही चालवते.

ड्रमर म्हणजे सामान फार असणार म्हणून मी घरची मोठी गाडी घेऊन गेले होते. बुवा आले ते हातात एक छोटी बॅग आणि पाठीला परातीएवढी गोल काळी पिशवी घेऊन. बॅग डिकीत ठेवली. पिशवीला मी हात लावायला गेले तर म्हणाले, ही नको. ती मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसले, पट्टा पिशवीवरूनच लावला.

मी अडाण्यासारखं विचारलं, की ड्रम कुठे आहेत? हसले. ड्रम कुठेही मिळतात म्हणाले. जाझचे ड्रमर फिरतात ते काठ्या, ब्रश आणि झांजा घेऊन. बाकीचं जे समोर असेल ते सुरात लावून घ्यायचं. डबल बासवाल्यांचं त्याहून कठीण. एवढं मोठं वाद्य विमानात न्यायचं म्हणजे दिव्य, म्हणून ते बहुतेक वेळा उसन्याच बासवर वाजवतात. पियानोवाल्याला तर जे नशिबी येईल ते. 'पण झांजेचा आवाज उसना मिळत नाही,' बुवा म्हणाले. सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी पिशवीची चेन थोडी उघडून दाखवली. बावीस इंची राइड सिंबल, म्हणजे चाल धरायची मोठी झांज, इस्तंबूलमध्ये घडवलेली, झिल्जन कंपनीची जुनी 'के'. काळपट पडलेली, आणि कडेला एका जागी उंदरानं कुरतडल्यासारखा अर्धगोल तुकडा कापून काढलेला. तिथे चीर गेली होती. चीर पसरत जाते, म्हणून तेवढा भाग कापून टाकतात. म्हणजे बोट वाचवायला नख काढायचं.

मी म्हटलं, हे तर कासं. तांबं ऐंशी टक्के आणि कथिल वीस टक्के, झिल्जनच्या झांजेचा धातू तोच. आमच्याकडे आजी रात्री काशाच्या वाटीनं तळपायाला तूप चोळायची, उष्णता उतरते म्हणून. बुवांनी फार गंभीरपणे विचारलं, 'आणि तिचा आवाज कसा येतो?'

आजीच्या वाटीचा आवाज कुणी ऐकायला गेलं होतं? मी गप्प बसले.

डेंटनबद्दल दोन शब्द सांगते, म्हणजे पुढचं कळेल. डॅलसच्या उत्तरेला हे गाव. मध्यभागी जुनं कोर्टहाउस, त्याच्या चौकात एका जुन्या ऑपेरा हाउसच्या इमारतीत रिसायकल्ड बुक्स नावाचं जुन्या पुस्तकांचं आणि रेकॉर्डचं दुकान (बुवांना तिथे नेलं तर दोन तास बाहेर आले नाहीत), आणि गल्लोगल्ली कुणीतरी ट्रोम्बोन नाहीतर बास पाठीवर घेऊन चाललेलं. इथला जाझचा पदवी अभ्यासक्रम १९४७ चा, अमेरिकेतला पहिला. पण त्या काळी 'जाझ' हा शब्द विद्यापीठाच्या कागदावर घालणं सभ्यपणाचं नव्हतं, म्हणून विषयाचं नाव ठेवलं 'डान्स बँड'. आजही इथल्या मोठ्या बँडना लॅब बँड म्हणतात आणि त्यांची नावं तालमीच्या वेळेवरून आहेत: वन ओ'क्लॉक, टू ओ'क्लॉक, असे पुढे. वन ओ'क्लॉक सगळ्यात वरचा, दुपारी एकला तालमीला बसतो. आपल्याकडे एखाद्या घराण्याचं नाव 'सव्वासहाचा वर्ग' असतं, तर कसं वाटलं असतं, असं मला नेहमी येतं मनात.

बाहेरचे वादक विद्यापीठात येण्याची ही रीतही तशी जुनी आहे. १९५९ साली स्टॅन केंटन आपला बँड घेऊन इंडियाना विद्यापीठात उन्हाळी शिबिरात पोरांना शिकवायला गेला. पुढे त्यानं आपल्या बँडचं सगळं लिखित संगीत आमच्या विद्यापीठाला देऊन टाकलं. तालमीचा एक हॉल त्याच्या नावानं आहे. ट्रम्पेटवाले क्लार्क टेरी तर आयुष्यभर शाळा-कॉलेजांतून फिरले. त्यांचं म्हणणं तीन शब्दांत मावतं: अनुकरण करा, पचवा, मग स्वतःचं काढा. आमच्या मिरजेच्या कुठल्याही गवयाला हे वाक्य वाचून दाखवलं असतं, तर 'यात नवीन काय?' म्हणून त्यानं पानाला चुना लावायला घेतला असता.

पण ही गरज का पडली, तेही सांगायला हवं. पूर्वी जाझचं शिक्षण बँडमध्येच व्हायचं. सतरा-अठरा वर्षांचं पोर बँडच्या बसमध्ये चढायचं आणि म्हाताऱ्यांच्या शिव्या खात, रोज वेगळ्या गावात वाजवत शिकायचं. ड्रमर आर्ट ब्लेकीचा जाझ मेसेंजर्स हा बँड म्हणजे तर चाकांवरचं गुरुकुलच. किती जण त्यातून तयार होऊन बाहेर पडले. त्या बस गेल्या, रोज रात्री वाजवायचे क्लब आटले. पोरांना बसमध्ये चढता येत नाही, म्हणून बस त्यांच्याकडे आणायची. दोन-तीन दिवसांपुरती.

आणि दोन-तीन दिवसांत काय होतं? खरं सांगायचं तर बऱ्याचदा काही होत नाही. असे पाहुणेही मी पाहिलेत, की पन्नास मिनिटं प्रवासाचे किस्से, दहा मिनिटं स्वतःचं वादन, शेवटी पोरांबरोबर फोटो. पोरं खूश, पाहुणा खूश, चेक माझ्याकडे. मी काही बोलत नाही. हिशेबवालीनं बोलायचं नसतं.

बुवांचा पहिला तास ड्रम शिकणाऱ्यांसाठी होता. मी दारातून परत फिरणार होते, पण ते म्हणाले 'बसा', आणि बसा म्हटल्यावर उठून जायची आमच्या घरात पद्धत नाही. वीस-एक पोरं, त्यात चार मुली. खोलीत समोरासमोर दोन ड्रमसेट लावलेले, कोपऱ्यात दुपारच्या पिझ्झ्याचे रिकामे खोके. बुवांनी आपल्या झांजा पोराच्या सेटवर लावल्या आणि म्हणाले, काहीतरी वाजव.

पोरगा टेक्सासच्याच कुठल्याशा छोट्या गावातला. इथल्या हायस्कुलांत मार्चिंग बँडचं फार वेड. सहावी-सातवीपासून पोरांचे हात तयार होतात. त्यानं जे वाजवलं ते ऐकून मला धडकी भरली. दोन्ही हात, दोन्ही पाय, एकही जागा रिकामी नाही. आपल्याकडे टाळ्याच पडल्या असत्या. बुवांनी डोळे मिटून ऐकलं. मग उठले आणि एक-एक ड्रम उचलून बाजूला ठेवायला लागले. आधी मोठा टॉम, मग छोटा टॉम, मग डावीकडची झांज. शेवटी राहिलं काय, तर राइड, पायानं उघडझाप होणारी हाय-हॅट झांजांची जोडी, स्नेअर म्हणजे समोरचा छोटा ड्रम, आणि पायानं वाजवायचा बास ड्रम. बासवाल्या एका पोरीला शेजारी उभं केलं. म्हणाले, साधा ब्लूज. हळू. मिनिटाला ५४.

५४ म्हणजे किती हळू, हे एकदा घरी करून बघा. जाझची राइडवरची चाल तशी सोपी आहे: डिंग, डिंग-ड, डिंग, डिंग-ड. डाव्या पायानं दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर हाय-हॅटचं चिक्. उजव्या पायानं बास ड्रमवर चारही मात्रा, पण इतक्या हलक्या की ऐकू येण्यापेक्षा जाणवल्या पाहिजेत. त्याला फेदरिंग म्हणतात, पीस फिरवल्यासारखं. बस. एवढंच वाजवायचं आणि वाजवतच राहायचं.

पोराला जमेना. मघाशी आकाशपाताळ एक करणारा पोरगा दोन डिंगांच्या मधल्या रिकाम्या जागेत घामाघूम झाला. मधेच हात सुटायचा, स्नेअरवर एखादी बारीक तिरकिट पडायचीच. चौथ्या फेरीला बुवांनी फोनवर मोजून दाखवलं: लय ६३ वर गेलेली. पोरं हसली. बुवा हसले नाहीत. फोनवर मेट्रोनोम लावला, पण प्रत्येक मात्रेला नाही. चार मात्रांत एकदा, तीही चौथीवर. मधल्या तीन तुझ्या तू सांभाळ.

ब्लूजचे बार बारा आणि विलंबित एकतालाच्या मात्रा बारा, तेव्हा आता ही बाई दोन्ही एकच म्हणणार, असं तुम्हाला वाटलं असेल. नाही म्हणणार. बाराच्या प्रत्येक बारमध्ये चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस झाल्या. आणि तिथे जागा कळते ती खाली बदलत जाणाऱ्या कॉर्डांवरून. तबल्यासारखी बोलांवरून नाही. 'सगळं संगीत शेवटी एकच' हे वाक्य मी महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत इतक्यांदा ऐकलंय, की त्याची मला आता ॲलर्जी आहे.

पण घाम तोच होता. तो मी ओळखला.

मग बुवांनी पोराला उठवलं, कोपऱ्यातलं पिझ्झ्याचं एक खोकं उचललं, मांडीवर पालथं ठेवलं आणि खिशातून तारांचे ब्रश काढले. एक ब्रश खोक्यावर गोल गोल फिरत राहिला, दुसरा चाल धरून. सुपात तांदूळ पाखडावेत तसा आवाज. बासवालीनं पुन्हा ब्लूज धरला. पाच मिनिटं बुवांनी त्या पुठ्ठ्यावर दुसरं काहीही केलं नाही. खोलीतला एसी ऐकू येत होता. पोरगा आधी भिंतीला टेकून उभा होता, तो जमिनीवर बसला, मग पुढे सरकून बुवांच्या पायाशी.

मागच्या रांगेत इथले त्याचे शिक्षक होते. मला हळूच म्हणाले, 'दोन वर्षं मी हेच सांगतोय.' त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. मी त्यांना 'पिकतं तिथं विकत नाही' समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण इंग्रजीत ते भाजीमंडईचं काहीतरी झालं.

दुसऱ्या दिवशी एका लॅब बँडची तालीम. सॅक्सोफोन पाच, ट्रम्पेट पाच, ट्रोम्बोन पाच, आणि मागे पियानो, बास, गिटार, ड्रम. हे सगळे एकदम सुरू झाले की छातीवर धक्का बसतो. काउंट बेसी या जुन्या बँडवाल्याच्या धाटणीचं काहीतरी वाजवत होते. बुवा ड्रमजवळ जातील असं सगळ्यांना वाटलं. ते गेले गिटारवाल्या पोराकडे. त्याच्या अँपचं बटण फिरवून शून्यावर आणलं. आता वाजव.

गिटार ऐकू येईना. पोरानं जोर लावला, तरी येईना. बुवांनी बँड थांबवला आणि म्हणाले, या गिटारमध्ये दोष नाही. तुम्हा पंधरा जणांना तो ऐकू येत नाही, याचा अर्थ तुम्ही मोठ्यानं वाजवताय. आता असं वाजवा, की तो ऐकू येईल.

मग त्यांनी फ्रेडी ग्रीनची गोष्ट सांगितली. गोष्ट म्हणजे काय, गोष्टच नाही तीत. फ्रेडी ग्रीन १९३७ मध्ये बेसीच्या बँडमध्ये आला आणि १९८७ मध्ये मरेपर्यंत त्याच बँडमध्ये राहिला. बेसी त्याच्या आधी गेला, हा राहिला. पन्नास वर्षं अँप न लावता साध्या गिटारवर चारही मात्रा वाजवल्या. चक्, चक्, चक्, चक्. सोलो जवळजवळ कधीच नाही. पण त्या बँडची लय म्हणून जग जे ओळखतं, ती त्या चकचकीवर उभी होती.

बँडनं पुन्हा सुरुवात केली. पहिल्या वेळी ट्रम्पेटवाले दबकले, सूर घसरले, मजाच गेली. दुसऱ्या वेळीही तसंच. तिसऱ्या की चौथ्या वेळी, मी नीट मोजलं नाही, सगळ्यांच्या खालून ती चक् चक् वर आली. अठरा जण वाजवत होते आणि मला लाकडाच्या पेटीवर ओढलेल्या सहा तारा ऐकू येत होत्या.

मी बाहेर गेले. पाणी प्यायला, असं सांगून.

माझे बाबा मिरजेला तबला वाजवायचे. मिरज म्हणजे सतारमेकर गल्ली, पंढरपूरकडून येणारे तंबोऱ्यांचे भोपळे, मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची समाधी आणि उरसाला तिथे रात्रभर चालणारं गाणं-बजावणं. अशा गावात तबलजी असणं म्हणजे समुद्रकाठी मीठ विकणं. बाबा सोलो वाजवायचे नाहीत. त्यांना कायदे-रेले येत नव्हते असं नाही, पण सकाळी-संध्याकाळी गाण्याच्या क्लासमध्ये ठेका द्यायचा आणि परीक्षांच्या दिवसांत दिवसभर परीक्षार्थींना ठेका द्यायचा, हा त्यांचा धंदा. गांधर्व महाविद्यालय मंडळाचं मुख्य ठाणंच मिरजेत, परीक्षेच्या पोरांना तोटा नाही. सकाळी हातोडी, पावडरचा डबा आणि थर्मास घेऊन जायचे. घाबरलेली पोरं, चढलेले आवाज, भीमपलास, मग पुन्हा भीमपलास, मग आणखी एक भीमपलास. गावात त्यांना 'ठेकेवाले' म्हणत. त्यात वाईट काही नव्हतं. पण मला शाळेत लाज वाटायची. मैत्रिणीच्या मामांनी मुंबईला कुणाला तरी साथ केली होती, पेपरात फोटो आला होता. माझे बाबा आपले धिं धिं धागे तिरकिट.

माझ्या विशारदच्या परीक्षेला नेमके दुसरे तबलजी आले नाहीत. बाबाच बसले. विलंबित एकताल, राग पूरिया. किराणा घराण्याच्या पद्धतीनं शिकलेली मी, लय अशी संथ की एक आवर्तन मिनिटभर चालायचं. चौथ्या-पाचव्या आवर्तनात आलाप लांबला, हिशेब सुटला, आणि मुखडा घेऊन मी समेवर आले तेव्हा सम पुढे निघून गेली होती. एका मात्रेनं. मी बाबांकडे पाहिलं. तबलजीनं मनात आणलं असतं तर ठेका जरा सैल सोडून, मात्रा थोडी ओढून मला सावरून घेता आलं असतं. परीक्षकांनी पाहूनही न पाहिल्यासारखं केलं असतं. बाबांचा हात हलला नाही. मान खाली, ठेका सरळ. पुढच्या आवर्तनात मी परत आले, पण आवाज गेला तो गेलाच.

घरी येईपर्यंत बोलले नाही. रात्री भांडले. बाबा एवढंच म्हणाले, 'ठेकाच हलला असता, तर तू परत कुठं आली असतीस?'

मला ते तेव्हा पटलं नाही. परत गाण्याच्या परीक्षेला बसले नाही. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कार्यक्रम. आधी दोन विद्यार्थी-गट, मग बुवा पाच जणांच्या एका गटाबरोबर. दुपारी मी त्यांना थालीपीठ नेऊन दिलं होतं. लोणी चालत नाही म्हणाले, दह्याबरोबर खाल्लं, आणि भाजणीत काय काय असतं ते वहीत लिहून घेतलं. पहिल्या दिवसाचा ड्रमवाला पोरगा पहिल्या गटात होता. बुवांनी वाजवायला सांगितलं होतं त्याच्या निम्मंही साधं तो वाजवू शकला नाही, पण दोन वेळा स्नेअरवर जाणारा हात त्यानं हवेतच थांबवला, ते मी पाहिलं. हवेत थांबलेला हात इतका बोलका असतो, हे मला माहीत नव्हतं.

बुवांच्या गटात आल्टो सॅक्सोफोनवर एक तरतरीत मुलगा होता. बत्तीस बारचं गाणं: आठ-आठचे चार भाग, पहिला, दुसरा आणि चौथा सारखे, तिसरा वेगळा. त्या वेगळ्याला ब्रिज म्हणतात. सोलो रंगात आला आणि पोरगा पहिला भाग संपताच ब्रिजवर चढला. आठ बार आधीच. पियानो आणि बास दुसऱ्या भागात, हा एकटाच तिसऱ्यात. श्रोत्यांना कळलं नसावं. मला कळलं, कारण त्याच्या मानेवरची शीर दिसली. बुवांनी काही केलं नाही. सात बार काहीच केलं नाही. आठव्यात स्नेअरवर एक छोटीशी लड, आणि खऱ्या ब्रिजच्या पहिल्या मात्रेवर बास ड्रम आणि त्या कुरतडलेल्या झांजेचा एकच आघात. दरवाजा दाखवावा तसा. पोरगा आत आला. त्याचे खांदे उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावर सोडायलाही मीच. तापाचा विद्यार्थी बरा झाला होता, पण मी त्याला फोनच केला नाही. आय-३५ ईस्टवर लेक लुइसव्हिलच्या पुलावर आलो तेव्हा बुवांनी विचारलं, तुमच्याकडे जाझ आहे का? मी म्हटलं, आहे. गोव्याचे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, खरं नाव अँतोनियो झेवियर वाझ, मुंबईला ताजमध्ये वाजवायचे आणि आमच्या सी. रामचंद्रांबरोबर सिनेमातही. १९७८ मध्ये मुंबईत जाझ यात्रा झाली, तेव्हा सनी रोलिन्सही येऊन गेला. फोनवरून रामचंद्रांचं १९५० च्या सुमाराचं एक गाणं लावलं. बुवांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, ट्रम्पेट छान आहे, पण ढोलक कोण वाजवतोय? नाव मला सांगता आलं नाही. ढोलकवाल्याचं नाव कोण सांगणार?

मग मी कालच्या आल्टोवाल्याचं विचारलं. तुम्ही दार दाखवलं, पण त्यानं ऐकलंच नसतं तर?

'मग आम्ही सगळे तो होता तिथे गेलो असतो,' बुवा म्हणाले. सहज. जसं काही त्यात विचार करण्यासारखं काही नाहीच.

मी त्यांना पूरिया सांगितला. परीक्षा, मुखडा, एक मात्रा, बाबांची खाली घातलेली मान. आणि रात्रीचं भांडण. असं मी कुणाला सांगत नाही. नवऱ्यालाही लग्नानंतर सात-आठ वर्षांनी सांगितलं असेल. मला वाटलं, बुवा काहीतरी बोलतील. बाबांचं बरोबर होतं म्हणतील, किंवा माझं. खरं म्हणजे मी त्यासाठीच सांगितलं होतं.

बुवा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग विचारलं, 'किती संथ होतं?'

'म्हणजे?'

'दाखवा.'

गाडी ताशी साठ मैलांवर होती. पुढे विमानतळाकडे वळायच्या एक्झिटचा हिरवा फलक दिसला: १२१, एक मैल. मी डावा हात स्टिअरिंगवर ठेवला आणि उजव्या हाताच्या पेरांवर अंगठा टेकवला, बाबांनी लहानपणी शिकवला होता तसा. धिं, म्हटलं. थांबले. पुन्हा धिं. मधल्या जागेत एक ट्रक पुढे निघून गेला. धागे. तिरकिट. बुवांची बोटं मांडीवरच्या काळ्या पिशवीवर आली. तू. ना. दोन मात्रांच्या मधे त्यांनी एकही जादा टकटक केली नाही. क. त्ता. उजवीकडे जायला पाहिजे, हे मला दिसत होतं. धागे. तिरकिट. पांढरी तुटक रेघ संपली, सलग रेघ लागली. धी. ना.

समेवर आम्ही दोघं एकदम आलो. एक्झिट मागे राहिला होता.

'पुन्हा,' बुवा म्हणाले.